अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या रंगवायचा धंदा: पैसे स्प्रेमध्ये नाहीत, घासण्यात आहेत

घरोघरी जाऊन जुन्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्या रंगवून देण्याच्या व्यवसायावर व्हिडिओ केला, तेव्हापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. "सर, स्प्रे गन कोणती घेऊ?" दुसरा प्रश्न, "कंप्रेसर किती एचपीचा?" तिसरा, "स्क्वेअर फुटाला काय रेट लावू?"

माझं स्पष्ट मत सांगतो. हे तिन्ही प्रश्न चुकीच्या टोकाकडून सुरू होतात. गन घेतली की धंदा सुरू झाला असं वाटणारी मुलं पहिल्या चार-पाच घरांत कामं करतात, फोटो छान येतात, स्टेटसला टाकतात. मग सहा महिन्यांनी त्याच घरातून फोन येतो की दादा, हँडलच्या बाजूचा रंग सालपटासारखा निघतोय. तिथून पुढे ती अख्खी बिल्डिंग तुमच्या हातातून जाते. व्हिडिओत हे पाच मिनिटांत उरकलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी हा धंदा मुळात आहे का? आहे, आणि चांगला आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक कुठेही बघा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये चंदेरी नाहीतर तपकिरी अ‍ॅनोडाइज्ड स्लायडिंग खिडक्या आहेत. सेक्शन मजबूत आहे, काच चांगली आहे, फक्त दिसायला जुनाट झालंय. घरमालकाने आत भिंती नवीन केल्या, फर्निचर केलं, आणि आता त्याला ती खिडकी डोळ्यात खुपते. त्याला काळी किंवा गडद करडी पाहिजे, नाहीतर पांढरी. तो फॅब्रिकेटरला बोलावतो. फॅब्रिकेटर म्हणतो, काढून नवीन लावू. नवीन लावायची म्हणजे भिंतीतली चौकट उपटायची, कडेच्या टाइल्स फुटणार, खालची ग्रॅनाइटची पट्टी हलणार, बाहेरची ग्रिल आड येणार, आणि नुकताच दिलेला भिंतीचा रंग परत खराब होणार. खिडकीच्या किमतीपेक्षा ही तोडफोड माणसाला नको असते. भिंतीचा पेंटर या कामाला हात लावत नाही, आणि लावला तर भिंतीचाच ब्रश घेऊन लावतो. या दोघांच्या मधली जागा रिकामी आहे. ती तुमची.

पण ही जागा घेताना बरेच जण पहिलंच वाक्य खोटं बोलतात: "घरच्या घरी पावडर कोटिंग करून देतो."

घरच्या घरी पावडर कोटिंग होत नाही. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पूड विजेचा भार देऊन धातूवर चिकटवतात आणि मग तो अख्खा भाग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-वीस मिनिटं भाजतात. पूड वितळते, एकजीव होते, साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर बनतो. भिंतीत बसवलेल्या, काच आणि रबर लावलेल्या चौकटीला तुम्ही २०० अंशाला कसे भाजणार? तुम्ही जे देताय तो ओला रंग आहे. नीट केलेला ओला रंग ही काही लाजायची गोष्ट नाही, गाड्यांना तोच असतो. मग त्याचंच नाव घ्या ना. पावडर कोटिंग सांगून पेंट देणं ही फसवणूक आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. पण कायद्याचं सोडा. ज्या गिऱ्हाइकाला पावडर कोटिंग सांगितलंय, तो त्याच टिकाऊपणाची अपेक्षा धरणार. म्हणजे वाद तुम्ही स्वतःच्या तोंडाने आधीच तयार करून ठेवला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अ‍ॅल्युमिनियमवरून रंग का निघतो?

लोखंड गंजतं ते दिसतं, म्हणून लोखंड घासायचं हे सगळ्यांना कळतं. अ‍ॅल्युमिनियम हवेत येताक्षणी स्वतःवर ऑक्साइडचा एक पातळ, पारदर्शक, गुळगुळीत थर चढवतं. त्यामुळेच ते गंजून भोक पडण्यापर्यंत सहसा जात नाही. अ‍ॅनोडाइज्ड खिडकीत तर हाच थर कारखान्यात आम्लाच्या टाकीत वीज सोडून मुद्दाम जाड केलेला असतो. आपल्या दृष्टीने मात्र ती काचेसारखी पाटी आहे. रंगाला धरायला काही नाही. त्यावर स्वयंपाकाचं तेलकट बाष्प, हाताचा घाम, गाड्यांचा धूर, आणि कडेने सिलिकॉन. यावर डायरेक्ट इनॅमल मारलं तर ते चिकटत नाही, नुसतं बसतं. नखाने उचलता येतं.

दुकानदार काय देतो? रेड ऑक्साइड. अहो, रेड ऑक्साइड लोखंडाचा प्रायमर आहे. अ‍ॅल्युमिनियमसाठी पूर्वीपासून पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर वापरतात. तो पकडतो चांगला, पण त्यातलं क्रोमेट कॅन्सरला कारण ठरणारं आहे, आणि पुढच्या वेळी तो थर घासणारा माणूस ती धूळ नाकातून आत घेणार आहे. राहत्या घरात मी तो वापरू देणार नाही. झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळतो, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मिळतो, आणि उघड्या धातूसाठी एच प्रायमर किंवा वॉश प्रायमर मिळतो. त्यात थोडं फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला किंचित खातं आणि पकड देतं. कुठल्या प्रायमरवर कुठला रंग चालतो हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून प्रायमर, वरचा रंग आणि थिनर तिन्ही एकाच कंपनीचे घ्या आणि त्या मालाची टेक्निकल डेटा शीट दुकानदाराकडे मागा. तो तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

प्रायमरच्या आधीचं काम मात्र कुठल्याच डब्यात मिळत नाही. पल्ले, म्हणजे ज्याला आपण शटर म्हणतो, ते वर उचलून आतल्या बाजूला काढायचे. इथे घाई नको. ५ मिलिमीटरची काच दर चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. चार फूट बाय दोन फुटाच्या पल्ल्यात नुसती काच नऊ किलोच्या पुढे जाते, आणि तुम्ही सातव्या मजल्यावर उभे आहात. खाली सोसायटीचं पार्किंग आहे. ग्रिल नसेल तर दोन माणसांशिवाय पल्ला काढायचा नाही, आणि ज्याला बाहेर वाकावं लागणार त्याला सेफ्टी बेल्ट. यावर माझ्याशी वाद घालू नका.

मग साबणाच्या कोमट पाण्याने धुणं. साधा भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो. कॉस्टिक सोडा नको, तो अ‍ॅल्युमिनियमला खातो. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिडही नको, त्याने पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढायचं, कारण सिलिकॉनवर कुठलाच रंग बसत नाही. आणि त्याचा अंश पसरलेला असला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ते पडले की वरून कितीही कोट मारा, खड्डा खड्डाच राहतो. त्यानंतर ३२० नंबरच्या पाणी पेपरने सगळा भाग मंद होईपर्यंत घासायचा. जिथे पांढरी भुकटी आलीय, बारीक खड्डे पडलेत, तिथे आधी १८० किंवा २२०. कोपऱ्यात आणि खाचेत पेपर जात नाही, तिथे स्क्रब पॅड. तारेचा काथ्या, म्हणजे स्टील वूल, वापरायचा नाही. त्याचे लोखंडाचे कण रुतून बसतात आणि नंतर रंगाखालून गंजाचे ठिपके वर येतात. जुनं पावडर कोटिंग घट्ट असेल तर ते उगाच खरवडून काढू नका. नुसतं घासून मंद करा, त्याच्याइतका चांगला पाया तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

घासून झालं हे कसं ओळखायचं? स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग साफ आहे. थेंब-थेंब होऊन पळालं तर अजून तेल आहे, परत धुवा. फुकटची परीक्षा आहे ही, आणि गिऱ्हाइकाला समोर दाखवली तर त्याला कळतं की हा माणूस नुसता रंग फासायला आलेला नाही. पुसून कोरडं केल्यावर हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही आणि प्रायमर त्याच दिवशी लावायचा. आज घासलं, उद्या सकाळी येतो, असं चालत नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, यात तर अख्खा दिवस गेला. बरोबर! तुमच्या मजुरीतला मोठा वाटा इथेच आहे, स्प्रे शेवटी थोडा वेळ चालतो. म्हणून रेट काढताना हाच वेळ रेटमध्ये आला पाहिजे, आणि इथेच स्क्वेअर फुटाचा हिशेब माणसाला बुडवतो.

भिंत स्क्वेअर फुटात मोजतात कारण भिंत अख्खी रंगवायची असते. खिडकीत अ‍ॅल्युमिनियम कडेकडेने असतं, मधे काच. तुम्ही काच रंगवत नाही. मग काचेच्या क्षेत्रफळाचे पैसे कसले घेताय? उदाहरण घ्या. चार बाय चारची दोन ट्रॅकची खिडकी. बाहेरची चौकट १६ रनिंग फूट. आत दोन पल्ले, प्रत्येकी साधारण दोन बाय चार, म्हणजे १२ फूट प्रत्येकी, दोन्ही मिळून २४. एकूण ४० रनिंग फूट. क्षेत्रफळ १६ स्क्वेअर फूट. आता किचनच्या ओट्यावरची छोटी, दोन बाय दोनची स्लायडिंग घ्या. चौकट ८, दोन पल्ले प्रत्येकी ६ म्हणजे १२, एकूण २० रनिंग फूट. क्षेत्रफळ मात्र फक्त ४. आणि हॉलची सहा बाय चारची, दोन पल्ल्यांची: चौकट २०, पल्ले १४ आणि १४, एकूण ४८ रनिंग फूट, क्षेत्रफळ २४.

समजा तुम्हाला रनिंग फुटाला ५० रुपये परवडतात. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय, तुमच्या गावचा तुम्ही काढा. चार बाय चारच्या खिडकीचे २००० झाले, म्हणजे स्क्वेअर फुटाला १२५. आता हाच १२५ चा रेट तुम्ही सगळीकडे लावलात. किचनच्या खिडकीचे ४ स्क्वेअर फुटाचे ५०० मिळाले, जिथे रनिंग फुटाने १००० मिळायला हवे होते. निम्मे गेले. आणि ती किचनची खिडकी, जिच्यावर फोडणीच्या तेलाचा थर सगळ्यात जाड! उलट हॉलच्या खिडकीचे तुम्ही ३००० सांगितले, जिथे रनिंग फुटाने २४०० होतात. गिऱ्हाईक म्हणालं, महाग आहे, आणि दुसऱ्याकडे गेलं. म्हणजे मोठी, सोपी, फायद्याची खिडकी दुसऱ्याने नेली, आणि लहान, किचकट, तोट्याची तुमच्याकडे आली. महिनाभर राबून हातात काही का उरत नाही, याचं कारण खूपदा एवढंच असतं.

जाळीचा तिसरा पल्ला असेल तर तो वेगळा मोजा. टॉयलेटच्या पट्ट्यांच्या खिडकीला नगावर रेट ठेवा, तिच्यात फुटांचा हिशेब लागत नाही. हँडल, लॉक, टॉवर बोल्ट रंगवून देऊ नका. सतत हात लागणाऱ्या, घासल्या जाणाऱ्या वस्तूवर घरगुती रंग टिकत नाही. ते रंगीत नवीन मिळतात, बदलून द्या. त्यांच्यावर स्प्रे कॅन मारलेला फोटोत सुंदर दिसतो आणि पावसाळ्याआधीच चंदेरी डोकवायला लागतो.

खरं तर या बदलण्याच्या कामाकडे कुणी नीट बघत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. पल्ला खाली काढलाच आहे. त्याची बेअरिंग झिजलेली आहेत, काचेचं रबर कडक होऊन आक्रसलंय, लोकर पट्टी उडालीय, ट्रॅकची पाणी जायची भोकं मातीने बुजलीत. आणि म्हणून पावसाचं पाणी हॉलमध्ये येतं, आणि त्या घरातल्या काकू चार वर्षं खिडकीत फडकी खुपसतायत. हे सगळं तुम्ही त्याच फेरीत करू शकता. वेगळं बिल, वेगळी मजुरी, आणि पल्ला बोटाने सरकला की जो आनंद होतो तो रंग बघूनही होत नाही. फक्त भोकं रंगाने किंवा सिलिकॉनने परत बुजवू नका. आणि जिथे बेअरिंग पळतं ती ट्रॅकची रेघ रंगवू नका. तिथला रंग काही दिवसांत सुटून त्याचे कपटे बेअरिंगमध्ये जातात.

आता एक असा विषय, ज्यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. टिकाऊ म्हणून जो दोन डब्यांचा पीयू रंग वापरतात, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे केल्यावर त्याचं धुकं हवेत राहतं. ते फुप्फुसात गेलं की दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. असा माणूस या धंद्यातून कायमचा बाहेर जातो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क यात शून्य कामाचा. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, आणि पीयूचा स्प्रे नेहमीचाच असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा. म्हणून माझं मत असं: राहत्या घरात पीयू स्प्रे करायचाच नाही. पल्ले काढून गाळ्यावर न्या, तिथे मोकळ्या हवेत, पूर्ण तयारीने स्प्रे करा. भिंतीतली चौकट ब्रशने आणि लहान फोम रोलरने करा. पातळ दोन हात नीट दिले तर दोन फुटांवरून फरक कळत नाही. मास्क तेव्हाही लागतोच, वास असतोच, खिडकी-पंखा चालू हवा. पण धुकं होत नाही, सोफ्यावर कण बसत नाहीत, आणि मास्किंगचा निम्मा वेळ वाचतो. ज्याने तुम्हाला सांगितलं की घरात गन चालवली की प्रोफेशनल दिसतं, त्याला विचारा की त्याच्या पोराला तो त्या खोलीत बसवेल का.

घरात कुणाला दमा असेल, तान्हं बाळ असेल, तर चौकटीचं काम त्यांना दोन दिवस दुसरीकडे जाता येईल तेव्हाच घ्या. आणि थिनरचा डबा उघडायच्या आधी गॅस बंद, देवातलं निरंजन आणि उदबत्ती शांत झालेली. हे विचारायला संकोच करू नका, आजींना नीट समजावून सांगितलं तर त्या स्वतः लक्ष ठेवतात.

हंगामाचं गणित वेगळं आहे. हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगाचं काम नको, आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर पाहिजे, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं पाणी रंगाखाली अडकतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत हे जमणं अवघड. आणि नेमकं गणपतीच्या आधी सगळ्यांना घर चकाचक करून पाहिजे! "काहीही करा, पण चतुर्थीच्या आत द्या." इथे नाही म्हणायला शिकणं हे गन चालवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. त्या दिवसांत बेअरिंग, रबर, सिलिकॉन, सफाईची कामं घ्या, रंगाचा अ‍ॅडव्हान्स घेऊन तारीख ऑक्टोबरनंतरची द्या. दिवाळीच्या आधी पाऊस उघडल्यावर जे तीन-चार आठवडे मिळतात ते सोन्याचे आहेत, त्यांचं बुकिंग श्रावणातच भरलेलं असलं पाहिजे. उन्हाळ्यात उलटा त्रास. पश्चिमेची चौकट दुपारी हात लावता येत नाही इतकी तापते, रंग पसरायच्या आत सुकतो आणि ब्रशचे ओरखडे राहतात. पश्चिमेचं काम सकाळी, पूर्वेचं दुपारनंतर.

समुद्राजवळच्या घरांबद्दल सावध राहा. वसई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोव्याचा किनारा. खारट हवेने सेक्शनला खड्डे पडलेले असतात आणि मीठ त्या खड्ड्यात बसलेलं असतं. वरून रंग दिला तर त्याच्याखाली केसासारख्या बारीक रेघांनी गंज पुढे सरकत जातो. गोड्या पाण्याने दोनदा-तीनदा धुणं हे इथे सक्तीचं, आणि खड्डे खोल असतील तर सरळ सांगायचं की रंगाने हे वाचणार नाही. तसंच, तपकिरी अ‍ॅनोडायझिंग अजून एकसारखं, चकचकीत असेल आणि गिऱ्हाइकाला फक्त "जरा स्वच्छ" पाहिजे असेल, तर धुऊन पुसून द्या आणि धुण्याचे पैसे घ्या. चांगलं अ‍ॅनोडायझिंग हे तुमच्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त जगेल. आणि काळा-करडा रंग बाहेरून दिसणार असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी. ती आणण्याचं काम घरमालकाचं, तुमचं नाही.

वॉरंटीबद्दल. पाच वर्षं, दहा वर्षं असं छापणारे आहेत. ज्याचा धंदाच आठ महिन्यांचा आहे त्याने दहा वर्षांची वॉरंटी कशी द्यायची हे मला समजत नाही. माझ्या मते एक वर्ष द्या, फक्त रंग सुटण्याची, आणि त्यात ट्रॅक, हँडलची जागा, ग्रिलला घासणारी कड येत नाही असं बिलावर मराठीत लिहा. त्याऐवजी विश्वास दुसऱ्या पद्धतीने मिळवा. काम ठरल्यावर एका पल्ल्याच्या खालच्या पट्टीवर चार इंचाचं सँपल पूर्ण पद्धतीने करा आणि आठवडाभर ठेवा, कारण पीयूला पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ लागतो. मग गिऱ्हाइकासमोर ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा मारून चौकड्या करा, चांगली चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. एकही चौकडी पट्टीबरोबर आली नाही, की तुमचा रेट कुणी घासाघीस करून पाडत नाही. आणि आली, तर दहा खिडक्या खराब व्हायच्या आत चार इंचात कळलं. रंगाची पकड तपासायची प्रयोगशाळेतली पद्धत साधारण हीच आहे, आपण ती ओट्यावर करतोय इतकंच.

भांडवलाचं विचाराल तर पहिल्या दहा खिडक्यांसाठी कर्ज काढू नका. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, म्हणून ते घेतलंच पाहिजे असं नाही. विश्वकर्मा योजनेबद्दल बरेच जण विचारतात. तिच्या १८ व्यवसायांच्या यादीत रंगारी नाही, त्यामुळे कुणी फॉर्म भरायचे पैसे मागत असेल तर देऊ नका. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचेही पैसे देऊ नका. जीएसटी सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, तिथे पोहोचाल तेव्हा बघू. कंप्रेसर दिवसाच्या भाड्याने आणा. हातात पैसे असतील तर ते चांगल्या मास्कवर, बेल्टवर आणि हवेतला ओलावा दाखवणाऱ्या लहान मीटरवर घाला. शक्य असेल तर एखाद्या फॅब्रिकेटरकडे महिनाभर हाताखाली राहा. पल्ला काढणं-बसवणं, बेअरिंग ओळखणं हे व्हिडिओ बघून येत नाही, माझाही बघून नाही.

फॅब्रिकेटरशी भांडण तर अजिबात नको. त्याला वाटतं तुम्ही त्याची नवीन खिडकी मारता. त्याला सांगा की ज्या खिडक्या खरंच संपल्यात त्या मी तुझ्याकडे पाठवतो, तू ज्यांना नवीन परवडत नाही त्यांना माझ्याकडे पाठव. वाकलेली, कोपऱ्यात सुटलेली चौकट रंगवून द्यायचा मोह होतो, कारण रनिंग फूट मिळतात. ती त्यालाच द्या.

आणि काम उतरवताना एक सवय लावून घ्या. दोन डब्यांचा रंग एकदा मिसळला की काही तासांत घट्ट होतो, त्यामुळे उरलेला रंग बाटलीत भरून "टचअपला ठेवा काका" म्हणून देण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी वरच्या ट्रॅकच्या आत, पल्ला लावल्यावर दिसणार नाही अशा जागी, रंगाची कंपनी, शेड नंबर, तारीख आणि तुमचा फोन नंबर पक्क्या मार्करने लिहा. दोन-तीन वर्षांनी फर्निचर हलवताना चौकटीला चरा पडतो, आणि तेव्हा कुणीतरी बेअरिंग बदलायला पल्ला वर उचलतो.